लेव्हल दहा, एलिट आणि परत लेव्हल दहा

आमची लेक न्यू जर्सीत वाढली आणि शाळेत जायला लागली तेव्हापासून २०२५च्या एप्रिलपर्यंत जिम्नॅस्टिक्स करत राहिली. त्यातली जेमतेम दीडेक वर्षं ती 'एलिट' होती. नाशिक-पुण्याच्या नातेवाइकांच्या लक्षात नेमकी तीच राहिली आहेत. ''एवढी वर पोचली होती, मग खाली का आली?'' हा प्रश्न लग्नकार्यात अजूनही कोणीतरी काढतंच. माझ्या मते ती खाली आलीच नाही. एलिट सोडून लेव्हल दहाला परतणं हा या सगळ्या वर्षांतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. तो कसा झाला आणि त्यापुढे कॉलेजच्या टीमपर्यंत पोचायला काय काय करावं लागलं, ते लिहितोय. इथले बरेच मराठी आईबाप आता मुलींना जिममध्ये घालतात आणि पुढचं काहीच ठाऊक नसतं. आम्हालाही नव्हतं.

आधी इथली व्यवस्था सांगतो. मुलींची साधनं चार: व्हॉल्ट म्हणजे पळत येऊन टेबलावरून उडी, बार म्हणजे वरखाली बसवलेल्या दोन आडव्या दांड्या, बीम म्हणजे उंच, अरुंद पट्टी आणि फ्लोअर म्हणजे जमिनीवरच्या कसरती. एक ते दहा अशा लेव्हल असतात. पाचपर्यंत देशभरातल्या सगळ्या मुली तेच ठरलेलं रूटीन, म्हणजे कसरतींची मालिका, करतात, फ्लोअरला तेच संगीत. एका मीटला, म्हणजे स्पर्धेला, सकाळी आठपासून ते संगीत ऐकून ऐकून दुपारी पार्किंगमध्ये मीच ते गुणगुणत होतो. सहापासून प्रत्येकीचं रूटीन वेगळं. दहानंतर येते एलिट, आणि गडबड इथेच होते, कारण आपल्याला वाटतं की नववीनंतर दहावी तशी दहानंतर अकरावी. तसं नाही. लेव्हल दहापर्यंत सगळं दहापैकी मोजतात. एलिटला आंतरराष्ट्रीय नियमपुस्तक लागू होतं. त्यात अवघडपणाचे गुण वेगळे आणि त्यांना वरची मर्यादा नाही, सफाईचे दहापैकी वेगळे, मग दोन्हींची बेरीज. बीमवरून पडलं तर लेव्हल दहाला अर्धा गुण जातो, एलिटला अख्खा एक. त्यामुळे एलिटमध्ये सतत नवं, अजून अवघड काहीतरी रूटीनमध्ये घालावंच लागतं. आणि कॉलेजचं जिम्नॅस्टिक्स? ते पुन्हा दहापैकी, पडण्याला पुन्हा अर्धाच गुण. म्हणजे कॉलेजला जायची वाट लेव्हल दहावरूनच सरळ जाते. एलिट हा वेगळ्या गावाचा रस्ता आहे. हे आम्हाला कळलं तोवर ती एलिट होऊन बसली होती.

मी स्वतः नाशिकला कॉलेजपर्यंत मल्लखांब केला. त्यामुळे पहिल्यांदा तिच्या जिममध्ये गेलो तेव्हा मजा वाटली. आम्ही खांबाला एरंडेल चोळायचो, घर्षण कमी व्हावं म्हणून. इथे मुली हाताला पांढरी चॉक पावडर फासतात, पकड पक्की व्हावी म्हणून. ग्रिप म्हणजे बोटांत अडकवायचा चामड्याचा पट्टा, त्यात एक बारीक दांडी शिवलेली. ती बारवर अडकते आणि पकडीला आधार होतो. तरीही तळव्याचा घट्टा मधूनच उचकटतो आणि रुपयाएवढी कातडी लोंबायला लागते. याला 'रिप' म्हणतात. लेक नेलकटरने ती कातडी कापायची, हात साबणाने धुवायची, तेवढ्यात दात आवळून एक किंकाळी मारायची आणि टेप लावून परत बारवर. आईने नाशिकहून हळद-तूप सुचवलं. तुपाने ग्रिप सरकेल, हे तिला समजावताना मला माझाच एरंडेल आठवत होता. शेवटी हळद-तूप रात्री, मोजे हातात घालून झोपायचं, अशी तडजोड निघाली आणि ती बरीच उपयोगी पडली.

बाराव्या वर्षी ती लेव्हल दहा होती, तेराव्यात एलिट. क्वालिफायर स्पर्धेत चारही साधनांचे मिळून ठरलेले गुण पडले की एलिट होता येतं. ते पडले त्या दिवशी आम्ही सगळे भारावलेलो होतो. त्यानंतर आमच्या घराचं वेळापत्रक जिमने हातात घेतलं. सकाळी एक सत्र, दुपारी एक, आठवड्याला तीसेक तास. नेहमीची शाळा सुटली, ऑनलाइन शाळा सुरू झाली. रविवारची मराठी शाळा तर आधीच गळाली होती. पैशांचं म्हणाल तर जिमची फी, कोचचा प्रवासखर्च, खडे लावलेले स्पर्धेचे लिओटार्ड (अंगाला घट्ट बसणारा पोशाख), विमान, हॉटेल. बायको दर महिन्याला एक्सेल काढायची आणि मला दाखवायची नाही.

तेच २०१६ साल. रिओला दीपा कर्माकर व्हॉल्टच्या अंतिम फेरीत चौथी आली, ०.१५ गुणांनी ब्रॉंझ हुकलं, आणि आमच्या सगळ्या नातेवाइकांना प्रोडुनोव्हा म्हणजे काय ते कळलं, म्हणजे तिची ती व्हॉल्टवरची भयंकर अवघड उडी. मग सुरू झालं, ''आपली कधी जाणार ऑलिंपिकला? तिकडे जमत नसेल तर भारताकडून खेळव की!'' लेकीचा पासपोर्ट अमेरिकन. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डावर, भारताकडून खेळता येत नव्हतं. हे मी प्रत्येक काकाला स्वतंत्रपणे समजावलं. आणि 'तिकडे' म्हणजे काय, तर टोकियोसाठी अमेरिकेची टीम होणार होती चार जणींची, वर दोन वैयक्तिक जागा. एवढ्या मोठ्या देशातून. आम्ही सांख्यिकीवाले लोक, हा हिशोब आम्हाला जमायला हवा होता म्हणा, पण तेरा वर्षांची पोर बीमवर उलट्या उड्या मारताना समोर दिसत असली की हिशोब बाजूला राहतो.

यू.एस. क्लासिक या एलिटच्या मोठ्या स्पर्धेला ती एकदा पोचली. तिथून राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत जायला लागणारे गुण मिळाले नाहीत. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. ती बारवर चांगली होती, बीमवर बरी, आणि फ्लोअरला अवघडपणात कमी पडत होती. कोचचं उत्तर ठरलेलं, अवघडपणा वाढवा.

पाठ दुखायला लागली ती २०१७च्या हिवाळ्याच्या तोंडाशी. मागे वाकलं की कळ यायची, म्हणजे जिम्नॅस्टिक्समधली निम्मी हालचाल. जिममध्ये सांगितलं तर ''एलिट मुलींची पाठ दुखतेच, बर्फ लावा'' असं उत्तर. आम्हाला आत बसून सराव बघायची परवानगी नव्हती. पालक आले की मुली विचलित होतात, असा नियम. तो आम्हीच काय, सगळेच पालक निमूटपणे पाळत होते. एका रात्री ती जेवताना ताटावरून उठली आणि भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. खुर्चीत बसवत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी बायकोने कोणाला न विचारता हाडांच्या डॉक्टरची वेळ घेतली.

२०१८चा जानेवारी होता. मिशिगनमधल्या न्यायालयात लॅरी नासरच्या शिक्षेची सुनावणी चालू होती. तो अमेरिकेच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स टीमचा माजी डॉक्टर, आणि त्याने केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल दीडशेहून जास्त मुली-बायका एकेक करून उभ्या राहून बोलत होत्या. डॉक्टरच्या वेटिंग रूममधल्या टीव्हीवर तेच चालू होतं, आवाज बंद, खाली अक्षरं सरकताहेत. आमच्या जिममध्ये तसं काही घडलेलं नव्हतं. तरी बंद दारामागे आपलं पोर आठवड्याचे तीस तास काय करतं हे आपल्याला माहीत नाही, ही गोष्ट त्या खोलीत बसून फार वेगळी वाटली. लेक टीव्हीकडे बघत होती. बायकोने तिला थेट विचारलं, ''तुला कधी कोणी काही केलंय का?'' ती म्हणाली, ''नाही गं आई. पण दुखतंय म्हटलं की कोणी ऐकत नाही.''

एमआरआयमध्ये कमरेच्या शेवटच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद पूल असतो, सतत मागे वाकून वाकून तोच चिरतो. जिम्नॅस्ट मुलींमध्ये आणि क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजांमध्ये हे नेहमी दिसतं, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर स्वतः गुजराती, त्यामुळे गोलंदाजाचं उदाहरण आपोआप आलं. तीन महिने कमरेला प्लास्टिकचा कडक पट्टा, उड्या बंद, मग फिजिओथेरपी. शस्त्रक्रिया लागली नाही, हे नशीब.

त्या तीन महिन्यांत घरात भांडणं झाली, आणि गंमत म्हणजे लेकीशी नाही. भांडलो आम्ही दोघं. मला वाटत होतं, पट्टा निघाला की एलिटला परत जायचं, इतकं करून सोडायचं कसं. बायकोचं म्हणणं, जिमच बदलायची. लेक दोघांचं ऐकून घ्यायची आणि आपल्या खोलीत कॉलेजच्या मीट बघत बसायची. एक दिवस तिनेच सांगितलं, ''बाबा, मला हे करायचंय. हे.'' लॅपटॉपवर एका मुलीचं फ्लोअर चाललं होतं आणि बाजूला तिची सगळी टीम तेच हातवारे करून नाचत होती.

मग मी वाचायला लागलो. मोहिनी भारद्वाजबद्दल तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. वडील भारतीय, १९९७ला अमेरिकेच्या विश्वस्पर्धेच्या टीममध्ये, मग यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीकडून कॉलेज, तिथे २०००ला आणि २००१ला टीमने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि त्यानंतर, म्हणजे कॉलेज संपल्यावर, वयाच्या पंचविशीत ती २००४ला अथेन्स ऑलिंपिकच्या टीमची कॅप्टन झाली. रौप्यपदक. आमच्या काकालोकांना मी हे उदाहरण भरपूर वापरलं. पुढच्याच जानेवारीत केटलिन ओहाशीचा दहापैकी दहाचा फ्लोअर जगभर फिरला. ही ओहाशी २०१३च्या अमेरिकन कपमध्ये सिमोन बाइल्सच्या पुढे पहिली आली होती. मग दुखापतींमुळे एलिट सोडलं, लेव्हल दहाला आली आणि कॉलेजात गेली. तो व्हिडिओ नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मलाच तिघांनी पाठवला, 'ही बघ कशी नाचते' असं लिहून. त्यानंतर घरातला विरोध बराच मावळला.

२०१८च्या उन्हाळ्यात आम्ही जिम बदलली. नव्या ठिकाणी वरच्या मजल्यावर काचेमागे पालकांसाठी खुर्च्या होत्या आणि वीस तासांच्या वर कोणी सराव करत नव्हतं. सप्टेंबरपासून ती गावातल्या हायस्कूलला जायला लागली. एलिटमधली तिची मैत्रीण मध्यंतरी भेटली तेव्हा म्हणाली, ''तू तर बारीकसारीक दुखणं सांगायला लागलीस!'' हे कौतुक होतं की टोमणा ते मला अजून कळलेलं नाही.

आता कॉलेजचा खटाटोप. पूर्वी आठवीतल्या मुलींनाही कॉलेजचे कोच तोंडी शब्द देऊन ठेवायचे. २०१९च्या मेपासून एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने, नियम बदलला. दहावीचं वर्ष संपल्यावरच्या १५ जूनपर्यंत कोचने मुलीशी बोलायचंच नाही. आमची लेक बरोब्बर त्या पहिल्या तुकडीत. १४ जूनच्या रात्री बारा वाजता देशभरातल्या मुली फोन घेऊन जाग्या होत्या. काहींचे फोन बारा वाजून एक मिनिटाने वाजले म्हणे. आमच्याकडे सकाळपर्यंत थोड्या ईमेल आल्या, सगळ्यांचा सूर एकच, तुझ्यावर लक्ष ठेवून आहोत, पुढचा सीझन बघू. पाठीमुळे त्या वर्षी तिने फक्त बार आणि बीम केलं होतं, त्यामुळे रास्तच होतं ते. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला 'रास्त' सांगून समजत नाही. ती त्या दिवशी कोणाशी बोलली नाही.

कागदपत्रांचं काम माझ्याकडे. एनसीएएच्या पात्रता केंद्रात नाव नोंदवायचं. हायस्कूलचे सोळा मुख्य विषय मंजूर यादीतले हवेत. एलिटच्या काळात नववी ऑनलाइन झालेली, तिथला भूमितीचा कोर्स त्यांच्या यादीत आहे की नाही हे सिद्ध करायला मी जितके फोन केले तितके ग्रीन कार्डासाठीही केले नव्हते. ज्यांच्या मुली ऑनलाइन शिकताहेत त्यांनी ही यादी शाळेत नाव घालायच्या आधी बघावी. एवढी एक गोष्ट या लेखातून घेतली तरी पुरे.

२०२०चा सीझन छान चालला होता. व्हॉल्ट परत आला, बीम स्थिर झाला. आणि मार्चमध्ये सगळं बंद. राज्य स्पर्धेपासून पुढचं सगळं रद्द. जिमला कुलूप. वर एनसीएएने कोचना मुलींना प्रत्यक्ष भेटायलाच बंदी घातली, ती उठली २०२१च्या मेअखेरीला. म्हणजे अकरावीचा शेवट आणि अख्खी बारावी. गॅरेजमधली गाडी बाहेर काढून तिथे घडीचा, जमिनीवर ठेवायचा बीम आणला. मी कॅमेरामन. पाय कापले गेले, प्रकाश मागून आला, 'बाबा, मोबाइल आडवा धर' अशा सूचना ऐकत मी चित्रीकरण शिकलो. व्हिडिओ कॉलवर एका कोचने तिला तंत्राबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं, टीममधली दुसरी पडली तर तू काय करतेस? लेकीने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, एलिटमध्ये असा प्रश्नच कधी आला नाही.

ऑफर त्याच कोचकडून आली, मिडवेस्टमधल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीतून. पण स्कॉलरशिपशिवाय, 'वॉक-ऑन' म्हणून. तेव्हाचा नियम असा होता की मुलींच्या जिम्नॅस्टिक्सला जास्तीत जास्त बारा स्कॉलरशिप, आणि द्यायची तर पूर्ण द्यायची. अर्धी-पाव वाटून देता येत नसे. त्यात कोविडमुळे सगळ्या खेळाडूंना एक वर्ष वाढवून मिळालेलं, म्हणून जुन्या मुली जायला तयार नाहीत. जागा नव्हतीच. माझ्या मेहुण्याचं मत, ''इतकी वर्षं ओतलेले पैसे वसूल नाही झाले म्हणजे!'' वसुलीचा विचार माझ्याही मनात नव्हता असं नाही. पण फी तर कुठल्याही कॉलेजात भरायचीच होती. आम्ही गाडीने जाऊन कॅम्पस बघून आलो. कोचला भेटायला मनाई, जिमला कुलूप. लेकीने खिडकीच्या काचेला दोन्ही हात लावून आत डोकावलं आणि म्हणाली, बीम चार आहेत. ठरलं.

कॉलेजमध्ये काय बदललं हे मी बाहेरूनच सांगू शकतो. आठवड्याला वीस तासांची मर्यादा, एक दिवस सक्तीची सुट्टी, हे कागदावर. फिजिओ वगैरे त्यात धरत नाहीत, म्हणजे प्रत्यक्षात वेळ जास्तच जातो. पण आहारतज्ज्ञ होती आणि ती मुलींना जास्त खायला सांगायची, हे ऐकून बायको फोनवरच रडली. पहिल्या वर्षी लेकीच्या वाट्याला फक्त एक्झिबिशन आलं. टीममधल्या सहा जणी झाल्या की सातवी म्हणून करायचं, गुण दाखवतात पण धरत नाहीत. दुसऱ्या वर्षी बीमच्या सहांत नाव लागलं. तिसऱ्या वर्षी एक सीनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाची मुलगी, गेली आणि स्कॉलरशिप मिळाली. मेहुण्याला मी लगेच कळवलं.

प्रत्येक साधनावर सहा जणी करतात आणि पाच जणींचे गुण धरतात, सगळ्यांत कमी गुण सोडून देतात. ऐकायला साधं आहे. पण पहिलीच पडली की उरलेल्या पाचांपैकी कोणालाच पडायची मुभा राहत नाही. आमची लेक बीमवर पहिली जायची. दहा सेंटिमीटर रुंदीची पट्टी, जमिनीपासून सव्वा मीटर उंच. ती वर चढून उभी राहायची, डावा पाय पुढे, अंगठा बीमच्या कडेवरून किंचित खाली. मग बॅक हँडस्प्रिंग, म्हणजे हात टेकून मागे उलटी, आणि त्यालाच जोडून हात न टेकता ताठ शरीराने उलटी, म्हणजे लेआउट, आणि पाय परत त्याच पट्टीवर. इथे खांदा जरा जरी तिरका झाला तर शरीर डुलतं आणि पंच ०.०५ पासून पुढे कापायला लागतात. मी ती उडी कधीच थेट बघितली नाही. तिच्या टीममधल्या मुलींच्या चेहऱ्यांकडे बघायचो, त्यांना पाय टेकला की नाही ते माझ्याआधी कळायचं. तिचे गुण बहुतेक ९.७५ ते ९.८५ च्या मध्ये. टीव्हीवर नाव येईल असे नाहीत. मागून येणाऱ्यांना मोकळेपणाने करू देणारे.

शुक्रवारी संध्याकाळी सातची मीट म्हणजे नाशिकला शनिवारची पहाट, साडेपाच. मी टीव्हीसमोर मोबाइल धरून आईला व्हिडिओ कॉलवर दाखवायचो. आईला नियम लवकर कळले. एकदा तिसरी मुलगी पडली तेव्हा म्हणाली, ''असू दे, हिचा काढून टाकतील. आता पुढच्या तिघींनी पडू नये म्हणजे झालं.'' ऑलिंपिकचं तिने पुन्हा कधी काढलं नाही. त्याऐवजी सगळ्या मुलींना ओळखायला लागली, एकीचं नाव तिने 'लाल रिबीनवाली' ठेवलं होतं.

पाठ अधूनमधून दुखायची, अजून दुखते. थंडीत ती आजीसारखी कमरेला गरम पिशवी लावून बसते. एलिटची किंमत म्हणा की एकूण जिम्नॅस्टिक्सची, ते वेगळं काढता येत नाही आणि मी काढायला जात नाही.

२०२५ला रीजनलमध्ये, म्हणजे विभागीय स्पर्धेत, पहिल्या दोनांत येणाऱ्या टीमच पुढे फोर्ट वर्थला राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होत्या. आमची टीम आली नाही. शेवटचं साधन योगायोगाने बीमच होतं, त्यामुळे लेक तिथेही पहिली गेली. ९.८५. पाचांत धरला गेला. टीम बाहेर पडली हे सहाव्या मुलीच्या गुणांनंतर नक्की झालं, आणि तोवर आमच्या ओळीतले सगळे पालक मोबाइलवर बेरजा करत होते. बाहेर आल्यावर तिने आधी ग्रिपची पिशवी माझ्या हातात दिली आणि विचारलं, जवळपास कुठे बिर्याणी मिळेल का? सोमवारी तिची स्टॅटिस्टिक्सची परीक्षा होती.